चढाईपटू गांजा ओढतो, दुसऱ्याच्या बॅगेत इंजेक्शन सापडलं: कोचनं काय करावं?

एका कोचनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावकडचा कबड्डी संघ. २१ वर्षांचा चढाईपटू शनिवारी रात्री मित्रांबरोबर गांजा ओढतो, आणि विचारल्यावर त्यानं ते कबूल केलंय. एका बचावपटूच्या बॅगेत मेफेंटरमाइनची बाटली आणि सिरिंज सापडली. मोठी स्पर्धा पाच आठवड्यांवर आहे आणि तिथं नाडाचे, म्हणजे खेळाडूंची उत्तेजक चाचणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे लोक नमुने घ्यायला येऊ शकतात. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, दोघांनाही हाकला. काही पालक म्हणतात, गप्प बसा, पोरांचं नाव खराब होईल.

सर, दोघांना एकाच काठीनं हाकू नका. शरीराच्या दृष्टीनं, बंदीच्या नियमांत आणि पोलिसांच्या कायद्यात, तिन्ही ठिकाणी ही दोन प्रकरणं वेगवेगळी आहेत. आणि हाकलून देणं सगळ्यात सोपं असलं तरी सगळ्यात घातक तेच आहे. सकाळ-संध्याकाळ मैदानावर येणाऱ्या पोराला दिवसाकाठी चार तास तरी कुणीतरी बघत असतं. ते चार तास काढून घेतले की तो चोवीस तास त्या मित्रांचाच होतो.

आधी इंजेक्शनवाल्याचं बघा, कारण तिथं जिवाला धोका आहे. मेफेंटरमाइन हे ऑपरेशन थिएटरमधलं औषध आहे. भूल दिल्यावर रक्तदाब खाली आला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. पोरं त्याला टर्मिन म्हणतात आणि जिममध्ये दम वाढतो म्हणून टोचून घेतात. दम वाढत नाही, फक्त थकल्याची जाणीव दबते. रक्तदाब आणि नाडी चढलेली, वजन बसवण्यासाठी पाणी तोडलेलं, वर एप्रिल-मेचं आपल्याकडचं ऊन: या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हृदयाचे ठोके बिघडतात किंवा उष्माघात होतो. सिरिंज दोघांत-तिघांत फिरली असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

म्हणून या मुलाचा सराव आजपासून बंद. ही शिक्षा नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. दोन-तीन दिवसांत फिजिशियनकडून रक्तदाब आणि ईसीजी, गरज वाटल्यास टूडी इको, आणि वर सांगितलेल्या तिन्ही आजारांच्या रक्तचाचण्या. मिरजेचं शासकीय रुग्णालय किंवा सांगलीचं सिव्हिल, दोन्हीकडे हे होतं; साताऱ्याकडच्या वाचकांनी तिथलं सिव्हिल गाठावं. डॉक्टरांना खरं काय ते सांगायचं. "अशक्तपणा वाटतो" एवढंच सांगितलं तर सलाईन लावून घरी पाठवतील. इंजेक्शन थांबवल्यावर आठ-दहा दिवस मुलगा गळून जातो, झोपून राहतो, चिडतो, उदास होतो. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका. जीव नकोसा झाल्यासारखं काही बोलला तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं.

मैदानावर कुणी असं काही घेऊन कोसळला, अंग भाजतंय, असंबद्ध बोलतोय, छातीत दुखतंय, तर १०८ ला फोन करा, सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी, लिंबू-मीठ काहीही घालू नका. रिकामी बाटली सोबत पाठवा.

आता नियम. नाडा जागतिक संस्थेचीच, म्हणजे वाडाचीच यादी पाळते. मेफेंटरमाइन, कोकेन, एमडी (मेफेड्रोन), गांजा हे सगळे "स्पर्धेदरम्यान" बंदी असलेले पदार्थ आहेत. स्पर्धेदरम्यान म्हणजे सामन्याच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपासून ते सामना संपून नमुना देईपर्यंत. पोरं इथंच फसतात. ती म्हणतात, मी शनिवारी ओढला, सामना बुधवारी होता. पण बंदी लघवीत काय सापडतं त्यावर आहे, कधी ओढलं त्यावर नाही.

गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो. त्याची मर्यादा लघवीत दर मिलिलिटरला १५० नॅनोग्रॅम आहे. २०१३ पूर्वी ती १५ होती. कधीतरी एकदा ओढणाऱ्याच्या लघवीतून तो काही दिवसांत खाली येतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे राहू शकतो. माणसागणिक हे इतकं बदलतं की तारखा मोजून ओढत राहण्याचा हिशेब कुणाचाच बरोबर येत नाही. भरपूर पाणी पिऊनही उपयोग नाही. नमुना पातळ निघाला तर अधिकारी तिथंच बसवून ठेवतात आणि दुसरा घेतात. लघवी जास्त व्हायची गोळी घेतली तर आणखी वाईट, कारण ती गोळी बारा महिने बंदीच्या यादीत आहे. शेन वॉर्नला २००३ च्या विश्वचषकाआधी घरी पाठवलं ते अशाच गोळीमुळे, आणि वर्षभराची बंदी आली. नमुना द्यायला नकार दिला किंवा मागच्या दारानं निघून गेला तर थेट चार वर्षं.

भांगेबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. महाशिवरात्रीची थंडाई म्हणजे प्रसाद, ते काही व्यसन नाही, असं तालमीतही म्हणतात. अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्यात नुसत्या पानांची भांग गांजाच्या व्याख्येत बसत नाही, हे खरं. पण लघवीच्या तपासणीला कायद्याची व्याख्या कळत नाही. पानातही टीएचसी असतो आणि तो पोटातून गेला तरी लघवीत तोच पदार्थ उतरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पर्धा असेल तर पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

वाडाच्या २०२१ पासूनच्या संहितेत एक महत्त्वाची सवलत आहे आणि ती बहुतेक कोचना माहीत नसते. कोकेन, हेरॉइन, एक्स्टसी आणि टीएचसी या चार पदार्थांना "गैरवापराचे पदार्थ" असं वेगळं ठरवलंय. यातला पदार्थ सापडला, आणि तो स्पर्धेच्या काळाबाहेर घेतला होता व खेळात फायदा मिळवायला घेतला नव्हता हे खेळाडूनं सिद्ध केलं, तर बंदी तीन महिन्यांची. मान्यताप्राप्त उपचार पूर्ण केले तर ती एका महिन्यावर येऊ शकते. आयपीएल बघणाऱ्यांना कागिसो रबाडाचं २०२५ चं प्रकरण आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेतल्या टी-ट्वेंटी लीगच्या वेळी दिलेला नमुना सदोष निघाला, आयपीएल अर्धवट टाकून तो मायदेशी गेला, उपचार पूर्ण केले आणि महिन्याभराच्या बंदीनंतर परत आला. पण बंदी छोटी म्हणजे नुकसान छोटं असं समजू नका. धावपटू शकारी रिचर्डसन २०२१ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड स्पर्धेत शंभर मीटर जिंकली, टीएचसी सापडला, बंदी एकच महिना. तरी तो निकाल रद्द झाला आणि टोकियोची शंभर मीटरची शर्यत हातची गेली. आपल्याकडे एका निवड चाचणीवर पोलीस किंवा रेल्वेतली नोकरी अवलंबून असते, तेव्हा एक महिनासुद्धा भारी पडतो.

सवलतीच्या त्या चार पदार्थांत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, नाही. हे ठळक सांगायला हवं, कारण २०२४ मध्ये कुपवाड आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीच्या छाप्यांनंतर हा पदार्थ आपल्या जिल्ह्यात काही परका राहिलेला नाही. एमडी सापडलं तर तीन महिन्यांची सवलत नाही, मोजणी दोन वर्षांपासून सुरू होते. आणि मेफेंटरमाइन त्याहून कडक गटात आहे. तिथं सुरुवातच चार वर्षांची, आणि ते खेळासाठी घेतलं नव्हतं हे सिद्ध करणं खेळाडूच्या अंगावर. सरावाच्या बॅगेत सिरिंज ठेवणारा मुलगा ते काय सिद्ध करणार? म्हणून माझं स्पष्ट मत: बचावपटूला या स्पर्धेतून काढा. वैद्यकीय कारणानं, अहवालासह, आणि त्याला आधी विश्वासात घेऊन.

चढाईपटूचं तसं नाही. तो खरंच आठवड्यातून एकदाच ओढत असेल आणि आजपासून थांबला, तर पाच आठवड्यांनी खेळायला हरकत नसावी. पण "एकदाच" हा शब्द तपासून घ्या. दोघांनीच बसून विचारा. पोरांसमोर नको, वडिलांसमोर नको, मैदानावर तर नकोच. काय घेतो, आठवड्यातून किती वेळा, शेवटचं कधी, सोबत दारू असते का, एकट्यानं कधी ओढतो का. कुणाकडून आणतो हे पहिल्या भेटीत विचारू नका. त्या प्रश्नावर तोंड मिटतं आणि मग खरं काहीच मिळत नाही. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ओढल्यावर काय बरं वाटतं? उत्तर बहुतेक वेळा झोप किंवा दुखणं असतं. रात्री अकराला संपलेल्या प्रकाशझोतातल्या सामन्यानंतर पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, किंवा गुडघ्याचं लिगामेंट दुखतंय आणि संघातली जागा जाईल म्हणून सांगितलं नाही.

कारण दुखणं असेल तर त्यावर इलाज करा, नुसतं "सोड" म्हणून भागत नाही. पण इथंही सांभाळा. गावातले डॉक्टर चांगल्या हेतूनं ट्रॅमाडॉल देतात आणि १ जानेवारी २०२४ पासून तेही स्पर्धेदरम्यान बंद आहे. चिठ्ठी घेण्याआधी "मला नाडाची चाचणी होऊ शकते" हे वाक्य प्रत्येक खेळाडूनं डॉक्टरांना म्हटलंच पाहिजे.

रोज ओढणारा थांबला की पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, घाम, भूक मरणं, झोप उडणं, विचित्र स्वप्नं सुरू होतात. पहिला आठवडा सगळ्यात जड, साधारण दोन आठवड्यांत उतार पडतो. या काळात त्याला वजन उतरवायला लावू नका. भूक मेलेली असताना वजन आपोआप उतरेल म्हणून खूश होणारे कोच असतात. तो मुलगा पहिल्याच जोरदार पकडीत जायबंदी होतो.

मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणून चोरून तपासणी करण्याचा विचार असेल तर सोडून द्या. साध्या किटची टीएचसीची रेषा बहुधा ५० नॅनोग्रॅमला असते, मेफेंटरमाइन आणि एमडी त्यात भरवशानं दिसत नाहीत, आणि विश्वास मात्र कायमचा जातो. लाल डोळ्यांवरूनही निष्कर्ष काढू नका. मैदानाच्या धुळीनं अर्ध्या संघाचे डोळे लाल असतात.

पोलिसांच्या भीतीबद्दल. गांजा, कोकेन, एमडी यांचं सेवन अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम २७ खाली गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४ क आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मध्येच सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. उपचारांच्या नोंदी गोपनीय ठेवायला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा डॉक्टरांना बांधतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन, पुण्याचं मुक्तांगण ही या कामातली जुनी नावं. जवळचं केंद्र शोधायला १४४४६ हा नशामुक्तीचा नंबर आहे. "महिनाभर कोंडून ठेवतो, मारून सुधारतो" म्हणणाऱ्या ठिकाणी पोराला पाठवू नका.

आणि अध्यक्षांना कलम २५ वाचून दाखवा. आपल्या जागेत हा प्रकार चालतोय हे माहीत असून चालू दिला तर जागा ज्याच्या ताब्यात आहे तोही गुन्हेगार ठरतो. म्हणजे विक्रेता मंडळाच्या जिममध्ये येत असेल तर गप्प बसणं हा पर्यायच नाही. त्याची माहिती १९३३ या अमली पदार्थांच्या हेल्पलाइन नंबरवर देता येते. चिठ्ठीशिवाय इंजेक्शन विकणाऱ्या दुकानाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. पोरगा आणि विकणारा यांच्यात हा फरक ठेवाच. नाडाच्या नियमांतही झाकाझाकीला माफी नाही. चाचणी चुकवायला मदत करणाऱ्या कोचवर दोन वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत कारवाई होते, आणि एका संघाचे दोनपेक्षा जास्त खेळाडू एकाच स्पर्धेत सापडले तर संघालाही भोगावं लागतं.

समजा नमुना सदोष निघालाच, तर पत्र आल्या दिवशी तारीख लिहून ठेवा, कारण प्रत्येक मुदत तिथून मोजली जाते. ब नमुना, म्हणजे त्याच लघवीची राखून ठेवलेली दुसरी बाटली, तपासायचा की नाही ते मुदतीत कळवा. तात्पुरतं निलंबन स्वतःहून स्वीकारलं तर ते दिवस बंदीतून वजा होतात. चार वर्षांच्या प्रकरणात आरोपाचं पत्र मिळाल्यापासून वीस दिवसांत कबुली देऊन शिक्षा मान्य केली तर एक वर्ष कमी होतं. टीएचसीच्या प्रकरणात उपचार सुरू करण्याआधी तो कार्यक्रम नाडाला मान्य आहे हे लेखी घ्या, नाहीतर उपचार होतात आणि सवलत मिळत नाही. आणि "कुणीतरी खाण्यात मिसळलं" हे पुराव्याशिवाय मांडू नका. कुस्तीपटू नरसिंग यादवला २०१६ मध्ये नाडानं याच मुद्द्यावर सोडलं होतं. वाडानं अपील केलं आणि क्रीडा लवादानं रिओत सामन्याच्या तोंडावर चार वर्षांची बंदी घातली.

या आठवड्यात एवढं करा: बचावपटूचा ईसीजी, चढाईपटूशी दोघांतच तासभर बोलणं, आणि अध्यक्षांबरोबर बसून जिमच्या दारातून कोण आत येतं-जातं त्याची यादी. डॉक्टरांचे अहवाल आले की पुढचं विचारा, त्याप्रमाणे सरावाचं वेळापत्रक बसवता येईल.