काँक्रीटच्या भिंती आणि एक एकर कापूस

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. सात एकर कोरडवाहू, कापूस-सोयाबीन. घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. ते पाडून त्याच जागी ३० बाय २५ फुटांचं, म्हणजे ७५० चौरस फुटांचं घर बांधायचंय. हाताशी साडेसहा लाख आहेत. ठेकेदाराने दोन आकडे दिलेत: कॉलम-बीम आणि विटांच्या भिंती असं घर साडेअकरा लाखांत, आणि भिंतीही काँक्रीटच्याच ओतल्या तर १३ लाख ९० हजारांत. शेजाऱ्याच्या विटांच्या भिंतीला तिरपा तडा गेलाय, त्यामुळे मन काँक्रीटकडे ओढतंय. पुण्याला असलेले मेव्हणे म्हणतात, आता सगळीकडे काँक्रीटच्याच भिंती असतात, कर्ज घ्या, टॅक्सही वाचतो. कमी पडलं तर पीक कर्जातले दीड लाख वळवायचे, असंही पत्रात आहे. मुलगी अकरावीत आहे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शिवणकाम करतात, त्याचे महिन्याला साडेचार हजार येतात.

भाऊ, तुम्ही विचारलंय भिंतींचं, पण सुरुवात मी शेजाऱ्याच्या तड्यापासून करतो, कारण २ लाख ४० हजारांचा हा सगळा खेळ त्या तड्याने मांडलाय.

वर्ध्याजवळ माझ्या एका मित्राचं घर आहे. त्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेल्या तड्यात मे महिन्यात दहा रुपयांचं नाणं उभं जायचं. ऑगस्टमध्ये तोच तडा बुजल्यासारखा दिसे, बोटाने चाचपला तरच कळे. दोनदा मिस्त्री बोलावला, दोनदा सिमेंट भरलं, दोन्ही वेळा पुढच्या उन्हाळ्यात तडा परत हजर. भिंतीत काही वाईट नव्हतं. खालची काळी माती पावसाळ्यात फुगत होती आणि उन्हाळ्यात आक्रसत होती. वावरात मे महिन्यात जमीन कशी उलते ते तुम्ही रोज बघता. तीच जमीन पायाखाली असेल तर वर वीट असो की काँक्रीट, ती दोघांनाही हलवणार. काँक्रीटची भिंत जरा उशिरा तडकेल, किंवा तडकण्याऐवजी अख्खी एका अंगाला कलेल. ते दुरुस्त करणं विटांपेक्षा अवघड.

म्हणून काँक्रीटच्या भिंतींना माझा सरळ नकार आहे. त्यातले थोडे पैसे जमिनीखाली घाला, थोडे धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर घाला आणि उरलेल्या रकमेचं कर्जच काढू नका.

आता कारणं. कॉलम-बीमच्या घरात धाब्याचं ओझं बीम उचलतात, बीमचं कॉलम उचलतात आणि कॉलम ते पायात उतरवतात. मधली भिंत म्हणजे आडोसा. तिला ऊन-पाऊस अडवायचाय, ओझं पेलायचं नाही. ते पेलायची सोय तुमच्या साडेअकरा लाखांत आधीच झाली आहे. त्यावर भिंतीही काँक्रीटच्या करणं म्हणजे बैलजोडी जुंपलेल्या बंडीला पुढून ट्रॅक्टर लावणं.

मेव्हणे खोटं बोलत नाहीत. शहरातल्या मोठ्या इमारतींत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. तिथे एकच साचा शेकडो फ्लॅटसाठी फिरतो, म्हणून तो परवडतो, आणि काम झपाट्याने होतं. तुमच्या एका घरासाठी तोच साचा एकदाच लागणार आणि त्याचं भाडं एकट्या तुमच्या डोक्यावर बसणार. साच्याऐवजी फळ्यांचं सेंट्रिंग केलं तरी भिंतीच्या दोन्ही अंगांना करावं लागतं. काँक्रीट नीट दाबलं गेलं नाही तर आत पोकळ्या राहतात, सळई गंजते. गावातल्या किती मिस्त्रींनी अशी भिंत ओतली आहे, एवढं ठेकेदाराला विचारून बघा. आणि पाच वर्षांनी दार सरकवायचं किंवा नळाची लाइन आत घ्यायची झाली, तर विटेत छिन्नी-हातोडीने भागतं, इथे भागत नाही.

मालाचा अंदाज बाहेरच्या भिंतींपुरताच करू. घेर ११० फूट, उंची १० फूट, दार-खिडक्या वजा जाता सुमारे ९५० चौरस फूट. नऊ इंची विटांची भिंत धरली तर दहा हजारांच्या आसपास विटा आणि एक-सहाच्या (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) मसाल्याला २५ पोती सिमेंट. हीच भिंत सहा इंची काँक्रीटची केली तर सिमेंट १०८ पोती, वर सळई, गिट्टी आणि १,९०० चौरस फूट सेंट्रिंग. फरक कुठून येतो ते यात दिसतं, ठेकेदार लुबाडतोय असं नाही. काँक्रीटच्या बाजूने बोलायचं तर भिंत तीन इंच पातळ झाल्याने घरात सुमारे २६ चौरस फूट जागा वाढते. आणि भूकंपात अशी भिंत विटांपेक्षा चांगली टिकते, हेही खरं. पण तेवढ्यासाठी सगळी भिंत ओतायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात पडली ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडांची जड घरं. दार-खिडक्यांच्या वरून सगळीकडे फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा नसला की भिंती एकमेकींना सोडतात. तो लिंटेलचा पट्टा विटांच्या घरातही घालता येतो. तो मात्र सोडू नका.

गरमीचं तर विचारूच नका. सहा इंची काँक्रीटमधून उष्णता आत येण्याचा वेग नऊ इंची विटांच्या भिंतीच्या पावणेदोन पटीच्या घरात जातो. तरीही तुमच्या एकमजली घरात भिंतीहून मोठा शत्रू वर आहे. आपण २० अंश उत्तरेच्या जरासे वर आहोत, त्यामुळे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. तेव्हा भिंतींना ऊन तिरपं लागतं आणि धाब्याला सरळ. कवेलूच्या घरात राहिलेली माणसं स्लॅबखाली पहिला उन्हाळा काढतात तेव्हा रात्री अकराला पंख्यातून भट्टीची हवा येते, हे वहिनींना आत्ताच सांगून ठेवा. धाब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवा, निदान दरवर्षी होळीनंतर चुन्याचा जाड हात द्या. पश्चिमेला पडवी काढा. कूलर लावायच्या खिडकीसमोर हवा बाहेर पडायला दुसरी खिडकी ठेवा. नाहीतर कूलर नुसता दमट वारा घोटत बसतो.

आता पैशाकडे येतो. नऊ टक्के व्याज आणि दहा वर्षं मुदत धरू. पाच लाखांचा हप्ता महिन्याला ६,३३४ रुपये पडतो. काँक्रीटच्या भिंती धरून ७ लाख ४० हजार काढले तर ९,३७४. फरक ३,०४० रुपयांचा, म्हणजे वर्षाला ३६,४८० आणि दहा वर्षांत ३ लाख ६५ हजारांच्या आसपास. आता हे कापसात मोजू. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे. ३६,४८० म्हणजे पावणेपाच क्विंटल. तुम्हीच लिहिलंय की एकरी पाच क्विंटल निघतो. म्हणजे नुसत्या भिंतींच्या फरकापायी दरवर्षी एक एकर कापूस बँकेला, सलग दहा वर्षं. त्या एकराचं बियाणं, फवारणी आणि वेचाई वेगळीच. व्यापाऱ्याने हमीभावाच्या खाली घेतला तर एकरानेही भागणार नाही.

पाच लाखांचा हप्ता झेपेल का? वहिनींचे साडेचार हजार पूर्ण हप्त्यात गेले तरी महिन्याला १,८३४ कमी पडतात, वर्षाला २२ हजार, म्हणजे तीन क्विंटल कापूस. हे जमण्यासारखं आहे. दिवाळीनंतर पहिला कापूस विकला की हे २२ हजार वेगळ्या खात्यात टाकायचे आणि ते खातं विसरायचं. ७ लाख ४० हजारांच्या कर्जात मात्र असेच साडेसात-आठ क्विंटल लागतील. एक वर्ष बोंडअळीने खाल्लं की हप्ता थकला.

साडेसहाही पूर्ण घालू नका. एक लाख बाजूला ठेवा, त्याला पेरणी आणि दवाखाना सोडून हात लावायचा नाही. राहिले साडेपाच. साडेअकरा लाखांच्या अंदाजपत्रकात आवारभिंत आणि गेटचे १ लाख १० हजार आणि पीओपीचे ४० हजार दिसतात. हे दोन्ही पुढच्या वर्षी-दोन वर्षांनी करता येतं. बाभळीच्या काट्यांचं कुंपण इतकी वर्षं चाललंय, अजून चालेल. उरले दहा लाख. त्यात पाया आणि धाब्यासाठी ५० हजार वाढवा. साडेदहातून साडेपाच गेले, कर्ज पाच लाख. मुलगी दोन वर्षांनी अमरावतीला गेली तर वसतिगृहाचा खर्च तेव्हाच उभा राहणार आहे, म्हणून याच्यावर एक रुपयाही जाऊ देऊ नका.

पीक कर्जाचे दीड लाख भिंतीत घालायचा विचार मात्र आजच सोडा. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तुम्हाला ते बिनव्याजी पडतं. तुमच्या घरातला हा सगळ्यात स्वस्त पैसा आहे. तो भिंतीत गेला की जूनमध्ये बियाणं उधारीवर, कर्ज थकलं की सवलत गेली आणि पुढचं कर्जही अडलं. टॅक्सचं म्हणाल, तर शेतीच्या उत्पन्नावर तुम्हाला आयकर लागतच नाही. वाचवायला आधी भरावा लागतो. मेव्हण्यांचा हिशोब नोकरदाराचा आहे, आणि नव्या कर पद्धतीत तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट त्यांनाही मिळत नाही.

विटा कोणत्या घ्यायच्या? भट्टीच्या की राखेच्या, दोन्ही चालतात. राखेची वीट आपल्याकडे मिळते ती चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस इथल्या औष्णिक केंद्रांमुळे. आकाराला सारखी असल्याने मसाला आणि छपाई दोन्ही कमी लागतात, पण दारव्ह्यापर्यंतचं भाडं धरून भाव काढा. ओली, नुकतीच काढलेली राखेची वीट घेऊ नका. ती भिंतीत गेल्यावर आक्रसते आणि गिलाव्यावर केसासारख्या भेगा येतात. भट्टीची वीट घ्यायची तर दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा, खणखणीत आवाज यायला हवा. मग एक कोरडी वीट किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, दिवसभर पाण्यात बुडवून परत तोला. तीन किलोची वीट ३ किलो ६०० च्या वर गेली तर ती भट्टी सोडा. खरेदी पावसाळ्याआधी करा, भट्ट्या बंद झाल्या की साठ्यावाले भाव चढवतात. कॉलम आणि भिंत जिथे मिळतात तिथे गिलाव्याखाली जाळी मारायला सांगा, नाहीतर तिथे उभी भेग येतेच.

अंदाजपत्रकात सिमेंटचं पोतं ४०० रुपयांनी धरलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. हा भाव त्याआधीचा तर नाही ना, ते दारव्ह्याच्या दोन दुकानांत विचारून या. बँकेत जाताना ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या नोंदीचा उतारा) आणि असेल तर गावठाणाची सनद सोबत ठेवा. पैसे जोता, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांनी मिळतील, ठेकेदाराचे हप्तेही त्याच टप्प्यांना बांधा.

हे सगळं ठरवायच्या आधी मात्र एक काम करा. जुन्या घरामागच्या मोकळ्या जागेत माणूस उतरेल एवढा खड्डा खणा. पाच-सहा फुटांत मुरूम लागला तर पाया तिथवर नेऊन, वर जोत्याचा बीम आणि घराभोवती पाणी लांब नेणारी फरशी, एवढ्यावर भागेल. तिथवर काळीच निघाली तर इंजिनिअरला दाखवून रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी काढलेल्या पद्धतीचे, खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घालावे लागतील. मग माझे ५० हजार पुरणार नाहीत आणि वरचा हिशोब परत मांडावा लागेल. मुरूम किती फुटांवर लागला ते कळवा.