ह्यूमॅक्स एचडीआर-फॉक्स टी२ : डिस्क तपासल्याशिवाय बोर्ड बदलू देऊ नका

तुम्ही लिहिलंय की भावाने घर बदलताना त्याचा ह्यूमॅक्स एचडीआर-फॉक्स टी२, म्हणजे ब्रिटनमधले टीव्ही कार्यक्रम आतल्या हार्ड डिस्कवर साठवणारा रेकॉर्डर, तुम्हाला दिला. यूएसबीवरून कस्टम फर्मवेअर (कंपनीचं नव्हे, हौशी लोकांनी बनवलेलं यंत्राचं सॉफ्टवेअर) टाकलंत, अपग्रेड झाल्याचा संदेश आला, आणि बंद करून चालू केल्यावर समोरचं कडं निळं होऊन रेकॉर्डर तिथेच अडकला. टीव्हीवर चित्र नाही, ब्राउझरमध्ये रेकॉर्डरचं पान उघडत नाही. दुरुस्तीवाला फोनवरच म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, बदलून देतो. रेकॉर्डिंग डिस्कवर असतात, त्यांना काही होणार नाही."

हे शेवटचं वाक्य मी जवळजवळ शब्दशः ऐकलेलं आहे. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

पेनड्राइव्ह एफएटी३२, फाइल झिपमधून काढून बाहेरच ठेवलेली, नावात ब्राउझरने चिकटवलेला कंसातला आकडा नाही, वगैरे गोष्टींत शिरत नाही. अपग्रेडचा संदेश आला म्हणजे ते सगळं जमलेलं आहे.

आता माझा अंदाज. अंदाजच म्हणा, कारण रेकॉर्डर माझ्यासमोर नाही. फर्मवेअर बिघडलेलं नाही, डिस्क मरायला टेकली आहे. हे मॉडेल २०१०चं. चालू असताना तो जे चॅनल लावलंय ते सतत डिस्कवर लिहीत असतो, म्हणूनच लाइव्ह कार्यक्रम मागे नेता येतो. म्हणजे कुणी काही रेकॉर्ड केलं नाही तरी डिस्कला उसंत नाही. इतक्या वर्षांत ती खराब व्हायचीच. सुरू होताना डिस्क नीट उत्तर देत नसेल तर हा तिच्या उत्तराची वाट बघत थिजून बसतो. त्यात कस्टम फर्मवेअरचा वेब इंटरफेस (ब्राउझरमध्ये उघडतं ते पान) आणि बाकीची पॅकेजेस (जोडीचे छोटे प्रोग्राम) राहतात ती त्याच डिस्कवर, त्यामुळे पानही उघडत नाही. तुम्ही नेमकं त्याच वेळी फर्मवेअर टाकलंत म्हणून खापर त्याच्यावर फुटतंय.

खात्री करणं सोपं आहे. प्लग भिंतीतून काढा, थोडा वेळ जाऊ द्या, झाकण उघडा आणि डिस्कला जाणाऱ्या दोन्ही केबल काढा. पॉवर सप्लायचा बोर्ड आत उघडाच आहे, त्याच्या आसपास बोट नेऊ नका. ज्यांना याची भीती वाटते त्यांनी हे करू नये, कुणाला तरी सोबत घ्यावं. (मी इलेक्ट्रिशियन नाही आणि काही झालं तर मला जबाबदार धरू नका, हे आत्ताच सांगून ठेवतो.) झाकण परत लावा आणि चालू करा. डिस्कशिवाय सुरू झाला आणि चॅनल दिसले, तर बोर्ड ठणठणीत आहे आणि तुमचा दुरुस्तीवाला उंटावरून शेळ्या हाकतोय. डिस्कशिवायही अडकला, तर कंपनीच्या अधिकृत फर्मवेअरची, १.०३.१२ या आवृत्तीची, फाइल पेनड्राइव्हवर घेऊन परत टाका. मुख्य सॉफ्टवेअर सुरू होण्याआधी बूटलोडर (यंत्र चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम) यूएसबीत अपग्रेड फाइल आहे का ते बघतो, म्हणून हा रेकॉर्डर फर्मवेअरमुळे कायमचा मरणं फार कठीण. त्यानेही हलला नाही तर मग बोर्डाचं बोलू.

आता बोर्ड बदलू नका म्हणतोय त्याचं खरं कारण. हा रेकॉर्डर प्रत्येक रेकॉर्डिंग कूटबद्ध करून डिस्कवर लिहितो, आणि त्याची किल्ली बनते त्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख) आणि सिरियल नंबर यांतून. या दोन्ही गोष्टी बोर्डाबरोबर जातात. डिस्क हे नुसतं कपाट. बोर्ड बदलला की कपाट घरी राहतं आणि किल्ली भंगारात जाते.

माझ्याकडे २०१९च्या वर्ल्ड कप फायनलचं रेकॉर्डिंग होतं, लॉर्ड्सवरच्या. इंग्लंडचा घरच्या मैदानावरचा सामना २००५च्या अ‍ॅशेसनंतर पहिल्यांदाच फुकटच्या चॅनलवर थेट दाखवला होता. सकाळी चॅनल फोरवर, मग ब्रिटिश ग्रां प्री आडवी आली म्हणून मोअर फोरवर, आणि नंतर पुन्हा चॅनल फोरवर. सेमीफायनलला भारत हरल्यामुळे घरात कुणालाच रस नव्हता. मी एकटा रिमोट घेऊन चॅनलमागे पळत होतो, आणि शेवटी दोन्हीकडे २४१, सुपर ओव्हरही टाय, निकाल चौकारांच्या मोजणीवर. कस्टम फर्मवेअर टाकलं तेच मुळात ही मॅच बाहेर काढून ठेवण्यासाठी. मूळ फर्मवेअरमध्ये साधी रेकॉर्डिंग यूएसबीवर कॉपी करताना उघडी होतात, एचडी मात्र कुलूपबंदच राहतात. आणि फर्मवेअर टाकल्यावर रेकॉर्डर अडकला, अगदी तुमच्यासारखाच.

एका नावाजलेल्या साखळी दुकानाच्या सेवा केंद्रात दिला. ठरावीक शुल्क, आधी भरायचं. देताना काउंटरवर स्पष्ट सांगितलं की मला रेकॉर्डिंग हवी आहेत, रेकॉर्डर गेला तरी चालेल. फॉर्मवर तसं लिहूनही घेतलं. परत आला तो झकास चालू. मीडियाच्या यादीत सगळं जागच्या जागी: नावं, तारखा, किती मिनिटांचं आहे तेसुद्धा. फायनलवर जाऊन ओके दाबलं. काळा पडदा. खाली वेळेची पट्टी पुढे सरकतेय, आवाज नाही, चित्र नाही. दुसरं लावलं, तिसरं लावलं, तेच. मागे वळवून पाहिलं तर स्टिकरवरचा सिरियल नंबरच वेगळा. दुसराच रेकॉर्डर घेऊन त्यात माझी डिस्क बसवली होती.

फोन केला. "तुमची हार्ड डिस्क सुरक्षित आहे, सर." म्हटलं, मला डिस्क नको, जुन्या रेकॉर्डरचा सिरियल नंबर तेवढा द्या. नंबर मिळाला असता तर किल्ली परत बनवता आली असती, कारण मॅक पत्ता मी राउटरच्या यादीतून शोधून काढला होता. त्यावर मिळालेलं उत्तर असं: बदललेलं यंत्र आता ग्राहकाच्या मालकीचं नाही, त्यामुळे डेटा प्रोटेक्शनच्या नियमानुसार त्याची माहिती ग्राहकाला देता येत नाही! माझ्याच रेकॉर्डरचा नंबर, माझ्यापासूनच सुरक्षित. पावतीवर त्यांचा जॉब नंबर तेवढा होता. वरच्या माणसाशी बोलायचं म्हटलं तर ईमेल करा, ईमेल केली तर आमची सेवा कशी वाटली म्हणून तारे द्यायची लिंक. शेवटी कुणीतरी कळवलं की जुनी यंत्रं भंगारात गेली. नंबर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असणारच होता, नाहीतर जॉब नोंदवला कसा? पण कुणी ताकास तूर लागू दिली नाही. आणि काही आठवड्यांनी तो बदललेला रेकॉर्डरही निळं कडं लावून अडकला. दोष पहिल्यापासून डिस्कचाच होता. पैसे भरून मी चांगला बोर्ड फेकून दिला होता.

सगळी दुरुस्तीची दुकानं अशी नसतात, मान्य. पण "रेकॉर्डिंग डिस्कवर असतात" असं म्हणणाऱ्याला हा रेकॉर्डर माहीत नाही, असं मी खुशाल म्हणतो.

तेव्हा आधी मागच्या स्टिकरचा फोटो काढा. राउटरच्या पानावरून मॅक पत्ता टिपून ठेवा, राउटर बदललात की ती यादी गेली. रेकॉर्डर डिस्कशिवाय सुरू झाला तर डिस्क पीसीला जोडा, पण विंडोज "फॉरमॅट करायची का?" विचारेल तेव्हा चुकूनही हो म्हणू नका. तिच्यावर ईएक्सटी३ ही लिनक्सची फाइल-मांडणी आहे, विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून तो प्रश्न. लिनक्सची लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) घ्या, स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे बघा. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा) वाढलेले दिसले तर दुरुस्तीच्या फंदात पडण्याआधी डीडीरेस्क्यू या लिनक्सवरच्या प्रोग्रामने अख्खी डिस्क नव्या डिस्कवर उतरवा. बरेच जण आधी कस्टम फर्मवेअरच्या मेंटेनन्स मोडमधून फिक्स-डिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) चालवायला सांगतात. डिस्क थोडी कुरकुरत असेल तर ठीक आहे, पण सुरूच होऊ देत नाही इतकी वाईट असेल तर मी तिला तसा ताण देणार नाही. यावर मतभेद आहेत, हे माझं मत.

नवी डिस्क सीसीटीव्हीसाठी विकतात त्या जातीची, ३.५ इंची, २ टीबीच्या आतली घ्या. सतत लिहिणं हेच तिचं काम असतं.

सगळं चालू झालं की पहिल्याच दिवशी हव्या त्या फोल्डरना ऑटो-डीक्रिप्ट (रेकॉर्डिंग आपोआप उघडी करणारी सोय) लावा. एचडीसाठी त्यांची कॉपीबंदी काढणारं ऑटो-अनप्रोटेक्टही लागेल. मग बोर्ड गेला तरी फाइली उघड्या राहतात. कायद्याचं मला विचारू नका. सोयीच्या वेळी बघायला घरी रेकॉर्ड करणं ब्रिटनमध्ये चालतं एवढं माहीत आहे, कुलूप काढण्याबद्दल मी वकिली करणार नाही. डिसेबल-ओटीए हे पॅकेज पण टाका, नाहीतर हवेतून, म्हणजे टीव्हीच्या प्रक्षेपणातून, अपडेट आलं तर सगळी मेहनत पुसली जाईल. नेटवर्कला वायफाय डोंगल नको, सरळ केबल लावा. आयपी पत्ता हाताने भरणार असाल तर डीएनएसही (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) भरा. ते रिकामं राहिलं की वेब इंटरफेस डाउनलोडच होत नाही, आणि माणूस पुन्हा फर्मवेअरला शिव्या देत बसतो.

भावाला एक विचारा: रेकॉर्डर त्याने कधी दुरुस्तीला दिला होता का? दिला असेल आणि तेव्हाच बोर्ड बदलला गेला असेल, तर त्याआधीची रेकॉर्डिंग आधीच मेलेली असतील, त्यांच्यासाठी डीडीरेस्क्यूत वेळ घालवण्यात अर्थ नाही. डिस्कच्या केबल काढून काय होतंय ते कळवा. त्या दुरुस्तीवाल्याला तोवर फोन करू नका.