गणित तिनं सोडलं की तुम्ही सोडायला लावलंत?

नमस्कार,

तुमचं तीन पानी पत्र दोनदा वाचलं. तुम्ही आणि तुमच्या पत्नी, दोघंही रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेता, डोसही सारखाच. त्यांना काही त्रास नाही. तुम्हाला मात्र चक्कर येते, नाडी ५०च्या खाली जाते. बारावीतल्या मुलीनं वाचून काढलं की यामागे जनुकं असू शकतात, आणि आता तिला हेच शिकायचंय. तुमचं म्हणणं, ‘घरात एक डॉक्टर हवाच. आधी डॉक्टर हो, मग काय ते कर.’ आणि शेवटी सहज लिहिल्यासारखं एक वाक्य: जनुकीय चाचणी होईपर्यंत गोळी बंद ठेवली आहे.

करिअरचं नंतर बोलू. मेटोप्रोलॉल अशी एकदम बंद करायची नसते. अचानक थांबवली की नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात, आणि हृदयाचा आजार असेल तर वेळ झटक्यापर्यंतही जाऊ शकते. आजच तुमच्या डॉक्टरांना भेटा. चक्कर, नाडीचे आकडे आणि गोळी कधीपासून बंद आहे, सगळं सांगा. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, ते ठरवतील.

चाचणीत ‘आपली’ गोळी कोणती ते लिहून येतं, असा तुमचा समज दिसतो. तसं येत नाही. यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम मेटोप्रोलॉल मोडतं. ज्यांच्यात ते जन्मतःच निकामी असतं, त्यांच्या रक्तात तेवढ्याच गोळीनं औषध कितीतरी पट साचतं. तुमच्याबाबतीत हे असूही शकेल. पण नैराश्यावरची पॅरॉक्सेटीन सुरू असेल, तर जनुक धडधाकट असूनही हेच एन्झाइम अडतं. रक्तदाबावरच्याच लोसार्टन या दुसऱ्या औषधाचं उलटं आहे. त्याचं जास्त प्रभावी रूप शरीरात दुसरं एक एन्झाइम तयार करतं. ते मंद असलं तर औषध कमी पडू शकतं. शिवाय वय, मीठ, मूत्रपिंडं आहेतच. रक्तदाबाशी नातं असलेल्या हजाराहून जास्त जागा जनुकसंचात सापडल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींचा वाटा अगदी लहान आहे. म्हणून डॉक्टर आजही दंडाला पट्टा बांधून, नाडी मोजूनच डोस ठरवतात. तेच बरोबर आहे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसऱ्या पानावरचं वाक्य: ‘वैद्यकीयला लागत नाही म्हणून अकरावीतच तिला गणित सोडायला लावलं.’ हा निर्णय चुकला, स्पष्टच सांगते. या हजार जागांपैकी कोणत्या जागेमुळे कुणाला गोळी लागू पडते, हे नुसत्या जीवशास्त्रानं कळत नाही; तिथे संख्याशास्त्र लागतं. जो विषय तिला सर्वांत जास्त लागणार होता, तोच तुम्ही काढून घेतलात. तिला विचारलं होतंत का, हे पत्रात कुठेच नाही.

डॉक्टर झाल्याशिवाय या क्षेत्रात काही करता येत नाही, हेही खरं नाही. १९७५ साली लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ यांनी रक्तदाबावरचं डेब्रिसोक्विन हे औषध प्रयोगासाठी स्वतः घेतलं. रक्तदाब इतका उतरला की त्यांना उभं राहवेना. सहकाऱ्यांना मात्र तसं काही झालं नाही. असं का, याच्या मागे लागून १९७७ साली त्यांच्या गटानं हा फरक आनुवंशिक असल्याचं मांडलं. आज ज्याला सीवायपी२डी६ म्हणतात, त्या एन्झाइमचा माग तिथूनच लागला. स्मिथ जैवरसायनशास्त्राचे अभ्यासक होते. एक औषध, दोन माणसं, दोन परिणाम: तुमच्या मुलीला घरात पडलेला प्रश्न हाच.

वैद्यकीय, औषधनिर्माणशास्त्र, जैवरसायन, जैवतंत्रज्ञान, संख्याशास्त्र, कुठूनही या क्षेत्रात येता येतं. प्रवेशपरीक्षांची माहिती तिच्याकडे असेलच. तिला मनापासून डॉक्टर व्हायचं असेल तर जरूर व्हावं. पण घरच्यांच्या गोळ्या सांभाळायला म्हणून तिनं आयुष्यातली इतकी वर्षं द्यावीत, हे मला पटत नाही.

तीन पानांत तिच्या मताला जेमतेम एक ओळ आहे. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि तुम्ही ते वाचू नका. रुग्णांशी बोलणं, प्रयोगशाळेतलं काम, आकडेमोड, यांतलं तिला काय आवडेल, आणि दहावीपर्यंत गणित कसं वाटायचं, हे मला तिच्याकडून ऐकायचंय. राहिलेलं गणित भरून काढता येतं. ते कसं, हे मी तिच्याबरोबर बसून ठरवेन.