बाळगुटीचे वेढे आणि मधाचे बोट

(लहान मुलांसाठी घरी वापरल्या जाणाऱ्या वनौषधींविषयी या महिन्यात नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत.)

प्रश्न : माझे बाळ चार महिन्यांचे असून केवळ अंगावरचे दूध पिते. सासूबाईंनी इतवारीतून बाळगुटीचा पुडा आणला आहे. त्यात हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, अतिविष, बदाम, खारीक अशी द्रव्ये आहेत. ती सहाणेवर उगाळून मधातून चाटवावीत, असे त्या म्हणतात. त्यांची तिन्ही मुले अशीच वाढली. आमचे बालरोगतज्ज्ञ मात्र नको म्हणतात. मी कोणाचे ऐकावे? – एक आई, मनीषनगर

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत, एक मधाचा आणि दुसरा गुटीचा. मधाचा प्रश्न आधी घेते, कारण तेथे तडजोडीला जागा नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाच्या तोंडात मधाचे बोटसुद्धा घालू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. मग बाळाला शी होत नाही, त्याचे रडणे क्षीण होते, दूध ओढण्याची ताकद जाते, मान सैल पडते आणि पुढे श्वासही मंदावू शकतो. मध रानातला आणि शुद्ध असला किंवा घरी उकळून घेतला, तरी हा धोका टळत नाही.

आता गुटी. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला मीही तेच सांगते. सहाण, बोट, वाटी आणि पाणी यांपैकी एखादी गोष्ट जरी अस्वच्छ असली, तरी ज्या पोटदुखीसाठी गुटी द्यायची, तीच गुटीतून लागते.

पुड्यातील प्रत्येक द्रव्य सौम्य आहे, हा समजही खरा नाही. जायफळाने बाळ छान झोपते, असे कौतुकाने सांगितले जाते. परंतु त्यातील मिरिस्टिसिन हे द्रव्य अधिक प्रमाणात गेले, तर ती झोप राहत नाही, ती गुंगी असते. वेखंडातील असारोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ सालापासून ते खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली आहे, आणि वेखंड अधिक झाले की मुलांना एकामागून एक उलट्या होतात.

तुमच्या सासूबाईंचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. पूर्वीच्या जाणत्या बाया प्रत्येक काष्ठौषधीचे सहाणेवर एक-दोन वेढेच, म्हणजे उगाळण्याचे फेरे, घेत. बाळाची शी पाहून आज हिरडा घ्यायचा की मुरुडशेंग, हे ठरवत. आणि बाळ पेंगुळलेले दिसले तर जायफळ बाजूला ठेवत. आज मात्र त्याच द्रव्यांचे तयार चूर्ण आणून ते चमच्याने दिले जाते. वेढा आणि चमचा यांतील अंतर फार मोठे आहे, आणि माझी खरी काळजी तेथे आहे. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर गुटी द्यावीशी वाटली, तर सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात बालरोग विभाग आहे. पुडा सोबत नेऊन तेथे दाखवावा आणि कोणते द्रव्य ठेवायचे, कोणते काढायचे, हे विचारून घ्यावे. तोवर पोट फुगले तर दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर उभे धरून ढेकर काढावी आणि कोमट तेलाने पोटावर हलका हात फिरवावा. बेंबीभोवती हिंगाचा पातळ लेप लावण्यासही माझी हरकत नाही. त्वचा लाल दिसली तर तो लगेच पुसावा. ही सारी कामे सासूबाईंच्या हाताला तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक चांगली जमतील, तेव्हा ती त्यांच्याकडेच सोपवावीत.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. थंडी सुरू झाली की तिला रात्री खोकल्याची ढास लागते. छिंदवाड्याच्या घटनेनंतर सिरपची बाटली हातात घेण्याची भीती वाटते. घरचे काय देता येईल? – एक वडील, महाल

उत्तर : तुमची भीती अनाठायी नाही. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडील कितीतरी मुले खोकल्याचे सिरप घेतल्यावर मूत्रपिंडे निकामी झालेल्या अवस्थेत आपल्याच शहरातील रुग्णालयांत आणली गेली, आणि त्यांतील अनेक वाचू शकली नाहीत. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीलही सहसा देऊ नयेत. साध्या सर्दीचा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. आपण द्यायचा तो फक्त आराम.

तुमच्या मुलीचे वय मधासाठी योग्य आहे. झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध नुसता चाटवावा किंवा कोमट पाण्यातून द्यावा. मधाने मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो, हे पद्धतशीर अभ्यासांतूनही दिसले आहे. त्यात तुळशीच्या चार-पाच पानांचा रस घातला तर चालेल. अडुळसा मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये. ज्येष्ठमधाचा तुकडा चघळायला देऊ नये. या वयात तो घशात अडकू शकतो. शिवाय ज्येष्ठमध अनेक आठवडे चालू राहिला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते.

तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी आधी आपल्या मनगटावर टेकवून पाहावी आणि मग मुलीची छाती-पाठ शेकावी. पुष्कळ घरांत या पुरचुंडीत कापूर घालतात. तो कृपया घालू नये. कापराची एक वडी जरी मुलाने गिळली, तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलीला वाकवून वाफ देणेही टाळावे. त्यातून भाजलेली मुले मी पाहिली आहेत.

मुलगी शांत झोपली असताना तिचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला शिकून घ्यावे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा अधिक आणि दोन महिन्यांखालील बाळाचा ६० किंवा अधिक वेळा होत असेल, अथवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर मध-तुळशीत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. तो न्यूमोनिया असू शकतो.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून सहा वर्षांच्या नातवाला रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतो. चालू ठेवावा का? – एक आजोबा, धरमपेठ

उत्तर : आजोबा, रोजचा काढा थांबवावा. गुळवेल दीर्घकाळ घेतलेल्या काही मोठ्या माणसांच्या यकृताला सूज आल्याची प्रकरणे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेलही तिच्या नावाने तोडली जाते, असे आयुष मंत्रालयानेही त्यावेळी सांगितले होते. निरोगी मुलाला रोज औषध लागत नाही. त्याऐवजी नातवाला रोज एक आवळा खाऊ घालावा, दुपारी उन्हात खेळू देऊ नये आणि लसीकरणाचे कार्ड एकदा तपासून पाहावे.

प्रश्न : मे महिन्यात मुलांना उन्हाळा बाधू नये म्हणून सब्जा, वाळा, पन्हे यांतील काय द्यावे? आणि जुलाब लागले तर जायफळ उगाळून द्यावे का? मुले चार आणि नऊ वर्षांची आहेत. – एक आई, वर्धा रोड

उत्तर : पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या दिवसांत पन्हे ही आपल्याकडील सर्वांत शहाणी सवय आहे, असे मला मनापासून वाटते. कैरी उकडून तिच्या गरात गूळ, थोडे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की घामातून गेलेले पाणी आणि मीठ, दोन्ही भरून निघते. मिठाशिवाय केलेले गोड पन्हे नुसते सरबत ठरते. वाळ्याची स्वच्छ धुतलेली जुडी माठात टाकावी आणि ती दर दोन-तीन दिवसांनी उन्हात वाळवावी. कूलरच्या ताटीतला जुना वाळा मात्र माठात कधीही घालू नये. सब्जा पूर्ण फुगल्याशिवाय देऊ नये, आणि चार वर्षांच्या मुलाला तो पातळ सरबतातून, जवळ बसून पाजावा.

जुलाबात जायफळाच्या मागे लागू नये. जुलाब थांबण्याआधी मूल कोरडे पडते, आणि जीव जातो तो पाणी संपल्याने. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी आणून, पुडीवर लिहिलेल्या पूर्ण प्रमाणातील पाण्यात ती एकदाच विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालावे. मूल दर वेळी ओकत असेल, तर एकेक चमचा दर मिनिटाला पाजावा. सोबत डॉक्टरांना विचारून झिंकची गोळी १४ दिवस द्यावी. चार वर्षांच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम दिले जाते. दही-भात, मुगाचे वरण आणि डाळिंबाचे दाणे खुशाल द्यावेत.

शीमध्ये रक्त दिसले, आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले किंवा मूल हाका मारूनही झोपेतून नीट जागे होत नसेल, तर रात्र असो वा दिवस, थेट मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) न्यावे, आणि वाटेतही चमच्याने ओआरएसचे पाणी पाजत राहावे. मात्र मूल नीट शुद्धीवर नसेल, तर तोंडातून काहीही देऊ नये.