नोकरी नागपुरात, आई गावी

प्रश्न : मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात पाळीने काम करते. वडील गेल्यापासून ७४ वर्षांची आई काटोल तालुक्यातील गावी एकटीच राहते. तिला मधुमेह आहे, पण गाव सोडायला ती तयार नाही. सारख्या रजा मागणेही आता अवघड झाले आहे. काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आईचा गावी राहण्याचा आग्रह हट्ट समजू नका, तिची माणसे तिथेच आहेत, आणि तुमचा खरा आधारही त्याच माणसांतून उभा राहील. गावच्या आशाताईंना स्वतः भेटा, तुमचा फोन क्रमांक द्या आणि उपकेंद्रात आईची रक्तशर्करा नियमित तपासली जावी यासाठी दिवस ठरवून घ्या. ई-संजीवनी या सरकारी सेवेमुळे डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या मोफत मिळतो, त्यामुळे प्रत्येक तक्रारीसाठी तुम्हाला रजा टाकावी लागणार नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात; मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच, रोजच्या गोळ्यांसाठी नव्हेत. कार्ड आजच काढा, आजारपणाची वाट पाहू नका.

रजेचे दुखणे मोठे आहे. खासगी नोकरीत आईवडिलांच्या देखभालीसाठी वेगळी रजा देण्याचे कायदेशीर बंधन नाही, हे मला अन्यायाचे वाटते. तरीही तपासणीच्या तारखा आधी कळवून पाळी बदलून देण्याची मागणी लेखी करा. शेजारच्या एखाद्या ताईंना मोबदला देऊन रोज डोकावायला सांगण्यात संकोच नको. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत मदतवाहिनी आईच्या फोनमध्ये साठवून ठेवा.