ख्रिस्तावरचा विश्वास खोल कसा करावा, म्हणजे तो आपोआप इतरांपर्यंत पोचेल?

तुम्ही लिहिलंय की रोज प्रार्थना होते, रविवारची उपासना चुकत नाही, पण मित्रांपाशी येशूचं नाव काढलं की एकतर वाद होतो, नाहीतर ते विषय बदलतात. मग आधी स्वतःचा विश्वास वाढवायचा की सांगायचं कसं ते शिकायचं?

आधी स्वतःचा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) 15व्या अध्यायात येशू शिष्यांना पुन्हापुन्हा एकच सांगतो: माझ्यामध्ये राहा. फांदी वेलाला धरून राहिली की फळ येतंच. आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतलं खडकाळ जमिनीवरचं बी आठवा. ते इतरांपेक्षा लवकर उगवलं, कारण माती उथळ होती, आणि ऊन चढताच वाळलं. नव्या उत्साहात चार महिने सगळ्यांना सांगत सुटणारा माणूस पाचव्या महिन्यात स्वतःच थंड पडतो, तो याच कारणाने.

पहिला बदल वाचनात करा. रोज एक वचन आणि त्याखालचा छोटा उतारा वाचून भूक भागत नाही. वर्षात संपूर्ण बायबल संपवायला रोज तीन-चार अध्याय लागतात. ते जरूर करा, पण आत्ता नको. सध्या एकच शुभवर्तमान घ्या. मार्क सर्वांत लहान, 16 अध्यायांचं. रोज फक्त आठ-दहा ओव्या, वीस मिनिटं. एकदा मनात, एकदा मोठ्याने वाचायचं आणि वहीत तीन ओळी लिहायच्या: येशू इथे काय करतो, मला काय खटकलं, आज मी कुणाशी काय वेगळं वागणार. तिसरी ओळ टाळली की वाचन डोक्यातच राहतं. त्यात 'प्रेमाने वागेन' असं मोघम लिहू नका. माणसाचं नाव आणि काम लिहा.

उदाहरणादाखल 10व्या अध्यायाच्या शेवटी बार्तीमय घ्या. यरीहोच्या वाटेवर एक आंधळा भिकारी ओरडतो आहे आणि त्याला गप्प कोण करतं? येशूच्या बरोबर चालणारी माणसंच. इथे थांबा. माझ्यामुळे कुणी येशूपासून लांब राहिलंय का, हा प्रश्न या जागी प्रार्थनेत विचारायचा. पुढे येशू त्या माणसाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं ते सगळ्यांना दिसत होतं, तरी त्याने विचारलं, त्याच्या तोंडून ऐकून घेतलं. तुमचे मित्र विषय का बदलतात, याचं निम्मं उत्तर मला या एका प्रश्नात दिसतं. आपण त्यांना काय हवंय ते न विचारताच उत्तर द्यायला लागतो.

प्रार्थनेबद्दल. मागण्यांची यादी संपली की प्रार्थना संपते, अशी तक्रार बहुतेकांची असते. बायबलमधली स्तोत्रं (गाण्यांच्या रूपातल्या प्रार्थना) हाताशी धरा. 150 स्तोत्रं आहेत, रोज पाच म्हटली तर महिन्याभरात संपतात; ते जड वाटलं तर सकाळी एक, रात्री एक. त्यांत राग आहे, भीती आहे, 'हे परमेश्वरा, किती काळ' असा आक्रोश आहे. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. मन कोरडं पडलं की लोक प्रार्थना थांबवतात, 'भावना नाही तर ढोंग कशाला' म्हणून. हीच मोठी चूक. त्या दिवसांत शब्द उसने घ्यायचे, पण बसायची वेळ मोडायची नाही.

त्याच वहीत पाच नावं लिहा. पाचच, वीस लिहिली की ती नुसती वाचली जातात. रोज एकेकाचं नाव घेऊन त्याच्या खऱ्या अडचणीसाठी प्रार्थना करा. अडचण माहीत नसेल तर भेटून विचारा. आणि त्यांपैकी कुणाशी तुमचं बिनसलं असेल तर मत्तयाच्या 5व्या अध्यायाप्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करून या. माफी न मागता दिलेली साक्ष (आपल्या विश्वासाची कहाणी) समोरच्याला पोकळ वाटते, आणि त्याचं बरोबरच असतं.

आता सांगण्याचं. पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) सांगितलंय की तुमच्या आशेचं कारण जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे कुणी विचारावं असं जगणं आधी, तयारी त्याबरोबर. तयारीसाठी प्रेषितांच्या कृत्यांच्या 26व्या अध्यायातलं प्रेषित पौलाचं भाषण पाहा: आधी मी कसा होतो, मग येशू कसा भेटला, त्यानंतर काय झालं. याच तीन भागांत तुमची साक्ष लिहा, मोठ्याने तीन मिनिटांत मावेल इतकी. मग त्यातून तारण, नीतिमान ठरणं, कोकऱ्याचं रक्त असे शब्द काढून साध्या बोलीत सांगून पाहा. ते शब्द खोटे नाहीत, पण मंडळीबाहेरच्या माणसाला त्यांचा अर्थ लागत नाही. पहिला भाग रंगवून वाढवू नका, आणि 'आता सगळं सुरळीत आहे' असं तर मुळीच म्हणू नका.

वाद जिंकायला जाऊ नका. समोरच्याच्या श्रद्धेची टिंगल तर कधीच नको; अथेन्समध्ये मूर्ती पाहून पौलाचा जीव आतून तळमळला होता, तरी त्याने तिथल्या एका वेदीवरच्या लेखापासून आणि त्यांच्याच कवींच्या ओळींवरून बोलायला सुरुवात केली. मदतीला अट जोडू नका. आजारपणात, पैशाच्या अडचणीत असलेल्या माणसाला केलेली मदत ही आमिष ठरता कामा नये. तो कधीच विश्वास ठेवणार नाही असं दिसलं तरी ती तशीच चालू राहायला हवी. रोज सकाळी मोबाईलवर वचनं पाठवणंही बंद करा, लोक ती न वाचता पुढे सरकवतात.

त्याऐवजी एखाद्याने रस दाखवला तर विचारा: आपण मिळून मार्क वाचूया का? आठवड्याला एक अध्याय, चार महिने. 'नको' म्हणाला तर मैत्रीत तसूभर फरक पडू देऊ नका. 'हो' म्हणाला तर तुम्ही प्रवचन करू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या 8व्या अध्यायात, रथात बसून शास्त्र वाचणाऱ्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला येशूचा अनुयायी फिलिप्प याने आधी विचारलं, वाचताय ते समजतं का? आणि त्याने बोलावल्यावरच तो वर चढून बसला. उत्तर येत नसेल तेव्हा 'पाळकांना विचारून पुढच्या वेळी सांगतो' म्हणा आणि खरंच विचारून या.

त्याला उपासनेला यावंसं वाटलं तर पत्ता देऊन मोकळे होऊ नका. बरोबर जा, शेजारी बसा, कधी उभं राहायचं ते हळूच सांगा. त्या दिवशी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर-द्राक्षारस घेण्याचा विधी) असेल तर ते काय आहे आणि बाप्तिस्मा न घेतलेल्याने त्या वेळी काय करायचं, हे तुमच्या मंडळीच्या पद्धतीप्रमाणे आदल्या दिवशीच समजावून ठेवा. नाहीतर भाकर-द्राक्षारस जवळ आल्यावर तो सगळ्यांसमोर अवघडतो, आणि पुढच्या रविवारी येत नाही.