‘त्याला सगळं येतं, पण करत नाही’

“मॅडम, अभ्यासाचं मला काही टेन्शन नाही. पण आंघोळ अजून मीच घालते त्याला.” शेवटचं वाक्य त्या खाली बघत, पर्सचा पट्टा पिळत बोलल्या. मुलगा 15 वर्षांचा, नववीत. त्याला ऑटिझम आहे. इथे त्याला निखिल म्हणते, खरं नाव वेगळं. घर गोव्यात, फोंडा तालुक्यात, वडील बोटीवर कामाला, सहा-सहा महिने बाहेर. फोंड्याहून मडगाव, पणजी, वाळपईला सुटणाऱ्या बसच्या वेळा निखिलला तोंडपाठ. ओठांवर मिशीची रेघ उमटलेली.

“आमच्या माघारी याचं कसं होणार?” हा प्रश्न माझ्यासमोर बसलेले बहुतेक पालक विचारतात. या आईंनी त्याला आणखी एक जोडला. “त्याला सगळं येतं हो, पण करत नाही. आळशी झालाय का?”

आळशी नाही. येणं आणि करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजच्या व्यवहारातली कौशल्यं मोजायची एक जुनी चाचणी आहे, व्हाइनलँड. एडगर डॉल यांनी ती 1935 मध्ये अमेरिकेत तयार केली आणि पुढे नागपूरच्या मालिन यांनी ती आपल्याकडच्या मुलांसाठी बेतली. तिच्यात पालकांना विचारतात ते हेच, की मूल रोज आपणहून काय करतं. एखाद्या दिवशी, कोणी मागे उभं राहिल्यावर काय जमतं त्याला फारसं महत्त्व नाही. ऑटिझममध्ये हुशार मुलांचीही बुद्धी पुढे आणि व्यवहार मागे असं अंतर पुष्कळदा दिसतं. वय वाढतं तसं ते जास्त जाणवतं, कारण बरोबरीची मुलं भराभर पुढे जातात.

मी एकदा सकाळी त्यांच्या घरी गेले. पडवीत बसून फक्त ऐकत होते. न्हाणीघराच्या दाराशी उभ्या राहून आई सांगत होत्या, “पाणी घे. साबण लाव. अरे, पाठीला कोण लावणार? आता ओत. अजून ओत.” मी मोजल्या, 19 सूचना. शेवटी कंटाळून त्या आत गेल्या आणि दोन मिनिटांत आंघोळ आटोपली.

नंतर निखिलला विचारलं, “आंघोळ झाली हे तुला कसं कळतं?” तो म्हणाला, “आई पुरे म्हणते तेव्हा.”

हे उत्तर मी अजून विसरलेले नाही. ‘स्वच्छ हो’ म्हणजे नेमकं किती, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सूचना थांबल्या की त्याचे हात थांबायचे. आईचा आवाज हाच त्याच्या आंघोळीचा एक भाग होऊन बसला होता. माझा अनुभव असा, की हाताने केलेली मदत कमी करणं सोपं, तोंडाने केलेली फार चिवट.

म्हणून आम्ही बोलणंच काढून टाकलं. भिंतीवर त्याच्या डोळ्यांसमोर लॅमिनेट केलेली सात चित्रं, ओळीने. साबण घालवायला मोजून 12 तांबे. आकडा मिळाल्यावर त्याचा चेहराच सैल झाला. शिकवलं मात्र उलट्या टोकाकडून. पहिला आठवडा सगळं आईने करायचं, फक्त अंग पुसून टॉवेल दांडीवर टाकणं त्याचं. मग शेवटचे तांबे त्याचे, मग साबण. रोज काम त्याच्याच हातून पूर्ण होतं, आणि पूर्ण झाल्याचं समाधानही त्यालाच मिळतं.

आईंना मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. या वयात माझ्या अंगाला कोणीही हात लावू शकतं असं त्याच्या मनात बसलं, तर वाईट स्पर्श त्याला ओळखता येणार नाही. न्हाणीघराचं दार आतून लावणं हासुद्धा त्याच्या सुरक्षिततेचा धडा आहे. त्या दिवशी त्या रडल्या. पण दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर गप्प उभ्या राहायला लागल्या.

चतुर्थीत घर पाहुण्यांनी भरलं आणि घडी विस्कटली. न्हाणीघरासमोर रांग, “अगो, सांगून टाक ना त्याला पटकन!” आठ दिवसांत निखिल पुन्हा तांब्या हातात धरून वाट बघत उभा. आम्ही टॉवेलपासून परत सुरुवात केली. या वेळी वेळ कमी लागला. पाठ अजून नीट होत नाही. लांब दांड्याचा ब्रश आणलाय.

त्यानंतर घेतलं पावाचं काम. सकाळी पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला की पिशवी आणि पैसे घेऊन गेटवर जायचं, सहा पाव मागायचे, मोजायचे, उरलेले पैसे आणायचे. पहिले काही दिवस आई दोन पावलं मागे, मग पायरीवर, मग खिडकीत.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पोदेराने घाईत पाचच पाव टाकले होते. निखिलने पिशवीत बघून मोजले, परत मोजले आणि सायकलचं हँडल धरून तसाच उभा राहिला. पोदेर “कितें रे?” म्हणाला. बऱ्याच वेळाने निखिल बोलला, “सहा.”

“मी खिडकीतच होते मॅडम,” आई म्हणाल्या. “गजाला हात घट्ट धरून. पण बोलले नाही.”